वाचकांचे प्रश्न : गटाराचे पाणी ओढ्याला मिळण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या नगरपंचायतीच्या गावाची लोकसंख्या सुमारे १५,००० आहे. भुयारी गटार नाही. न्हाणीघरांचे, मोऱ्यांचे आणि पुष्कळशा शौचालयांच्या टाक्यांचे पाणी उघड्या गटारांतून ओढ्याला मिळते. यंत्रांवर चालणारे शुद्धीकरण केंद्र उभारण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला आहे. तो योग्य आहे का?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : आपण लोकसंख्या कळवली, पण नळाला पाणी किती दिवसांनी येते ते लिहिले नाही, आणि निर्णय बराचसा त्यावरच ठरतो. नळयोजना आहे पण भुयारी गटार नाही अशा गावासाठी दरडोई रोज ७० लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. त्यातले ८० टक्के वाहून जाते असे मानले, तर आपले सांडपाणी रोज सुमारे ८ लाख ४० हजार लिटर भरते. पाणी चार-आठ दिवसांआड सुटत असेल, तर ते याहून बरेच कमी असेल आणि शिवाय एकाच दिवशी लोंढ्याने येईल. अशा लहरी प्रवाहावर हवा फुंकणारी यंत्रे नीट चालत नाहीत, कारण घाण खाणाऱ्या जिवाणूंना नियमित खाद्य आणि अखंड प्राणवायू लागतो. वीज बराच वेळ गेली की ते मरू लागतात आणि पाणी जसे आले तसेच बाहेर पडते. अंदाजपत्रकात उभारणीचा खर्च ठळक असतो. पुढच्या दहा वर्षांचे वीजबिल कोण भरणार, हे सभेत आवर्जून विचारावे.

ओढ्याच्या खालच्या अंगाला दोन-अडीच एकर जागा मिळत असेल, तर मी तळ्यांची पद्धत सुचवीन. गटाराचे पाणी ओढ्यात पडण्याआधी अडवून जाळी आणि वाळू बसण्याची टाकी यांतून न्यावे, मग ते तीन तळ्यांतून सावकाश वाहू द्यावे. पहिले तळे तीन-चार मीटर खोल असते. त्यात गाळ बसतो आणि प्राणवायूविना कुजतो. दुसरे सुमारे दीड मीटर खोल असते. तेथे शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते आणि उरलेली घाण जिवाणू खातात. तिसरे उथळ असते, त्यात ऊन रोगजंतू मारते. पंपाची गरज सहसा पडत नाही, आणि ऊन तर मराठवाड्यात मुबलक आहे. दोष दोन : पहिल्या तळ्याला वास येतो, म्हणून ते वस्तीपासून दूर हवे, आणि काही वर्षांनी गाळ उपसावाच लागतो. पावसाळ्यातला लोंढा तळ्यांत शिरू नये यासाठी बाजूने वाट ठेवावी, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात सगळा गाळ ओढ्यात जाईल.

तथापि, यापूर्वीच करण्यासारखे एक काम आहे. शौचालयाची टाकी वर्षानुवर्षे उपसली नाही, की ती गाळाने भरते आणि मैला तसाच गटारात उतरतो. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी घरांची तक्रार येण्याची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. उपसलेला मैला स्वतंत्र केंद्रात प्रक्रियेसाठी नेला जातो. आपल्याकडे एकटे केंद्र परवडले नाही, तर शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून ते उभारता येईल. उपसा मात्र मैला टँकरनेच व्हावा. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतला वायू क्षणात जीव घेतो.

प्रश्न : मग घरोघरी शोषखड्डे घेतले तर तळ्यांची गरजच उरणार नाही ना?
– तेच वाचक

उत्तर : मुरमाड जमिनीवर मोरीचे पाणी शोषखड्ड्यात चांगले जिरते आणि गटारातला भार तेवढा हलका होतो. काळ्या चिकण मातीत मात्र खड्डा पावसाळ्यात तुडुंब भरून राहतो. आपल्या गावात दोन्ही जमिनी असतील, तर निम्मे गाव शोषखड्ड्यांवर भागेल आणि तळी त्या मानाने लहान बांधता येतील. विहीर किंवा बोअरच्या जवळ खड्डा घेऊ नये, आणि शौचालयाच्या टाकीचे पाणी मोरीच्या खड्ड्यात कधीच सोडू नये.