‘तरुण प्रौढ’ नव्हे, किशोर

कोल्हापुरातील एका बी.एड.च्या विद्यार्थिनीने विचारले आहे की, नववीच्या वर्गासाठी पाठाचे टाचण काढताना ‘यंग अ‍ॅडल्ट लिटरेचर’ या संज्ञेसाठी ‘तरुण प्रौढ साहित्य’ लिहावे, ‘युवा साहित्य’ लिहावे, की ‘कुमारसाहित्य’? पहिला पर्याय त्यांना एका चर्चासत्रात मिळाला म्हणे. मिळणारच. हा जोडशब्द हल्ली व्यासपीठावरून सर्रास फेकला जातो आणि तरुण असून प्रौढ म्हणजे नेमके कोण, असे श्रोत्यांपैकी कोणीही विचारत नाही. मराठी माणसाला ‘प्रौढ’ म्हटले की रात्रीचे साक्षरता वर्ग आठवतात, चौदा वर्षांची मुलगी नव्हे.

मूळ इंग्रजी संज्ञा रुजवली ती अमेरिकेतील ग्रंथपालांनी. साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांना ना बालविभागात बसवता येत होते, ना मोठ्यांच्या, म्हणून अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९५७ साली त्यांच्यासाठी वेगळा विभाग केला. म्हणजे हा कपाटावर चिकटवण्याच्या चिठ्ठीचा शब्द आहे. करवीर नगर वाचन मंदिरासारखे १८५० सालचे ग्रंथालय ज्या शहरात आहे, तेथील शिक्षकांना कपाटाची अडचण समजावून सांगायला नको. पण ती चिठ्ठी शब्दशः मराठीत उतरवण्याचे कारण नाही.

‘युवा साहित्य’ त्याहून फसवे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकाला मिळतो, तर बाल साहित्य पुरस्कार मुलांसाठी लिहिलेल्या साहित्याला. पहिल्यात लेखक युवा, दुसऱ्यात वाचक बाल! एकाच संस्थेच्या दोन पुरस्कारांत विशेषण असे उडी मारत असेल, तर वर्गात गोंधळ होणारच.

आता खऱ्या शब्दाकडे येऊ. ‘किशोर’ म्हणजे मुळात मुलगा नव्हेच. किशोर म्हणजे घोड्याचे पिल्लू. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘बालः किशोरः’ हे शब्द क्षत्रियवर्गात, घोड्यांच्या नावांच्या ओळीत येतात. माणसाच्या पोराला तो शब्द नंतर लागला. ‘प्रौढ’ मात्र ‘वह्’ धातूपासून आलेला आहे: प्र अधिक ऊढ, आणि वार्तिकातील, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना जोडलेल्या पुरवणीतील, खास नियमामुळे ‘प्रोढ’ न होता ‘प्रौढ’. वह् म्हणजे वाहणे, ओढून नेणे. ‘वाहन’ त्याच धातूचे आणि ‘नवोढा’ही त्याचीच. म्हणजे ज्याच्या पाठीवर अजून खोगीर चढलेले नाही तो किशोर आणि जो वाहण्याच्या कामी पुरता लागला तो प्रौढ. ‘तरुण प्रौढ’ म्हणणारे शिंगराला टांग्याला जुंपतात, ते असे.

शिंगरू आलेच आहे, तर माझा एक अंदाज मांडतो. या शब्दाचा शिंगाशी संबंध जोडणाऱ्यांनी एकदा तरी घोडा नीट पाहावा. मला ‘शिंगरू’ हे ‘किशोर’चेच वर्णव्यत्यासाने, म्हणजे अक्षरांची अदलाबदल होऊन, झालेले रूप वाटते. आपण ‘नुकसान’चे ‘नुसकान’ करतोच की. तसेच किशोरचे शिकोर, पुढे अनुनासिक घुसून शिंगोर आणि शिंगरू. मधल्या रूपांचा लेखी पुरावा काय, असे व्याकरणाचे जाणकार विचारतील. पुरावा नाही, पण शिंगाचा तरी कोठे आहे?

‘कुमार’बद्दल मोनिअर-विल्यम्स यांनी आपल्या संस्कृत कोशात ‘सहज मरणारा’ अशी व्युत्पत्ती प्रश्नचिन्हासह सुचवली आहे. प्रश्नचिन्ह राहू द्यावे, व्युत्पत्ती खोडावी. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘कुमार क्रीडायाम्’ (कुमार हा धातू खेळण्याच्या अर्थी) असे स्पष्ट असताना खेळणाऱ्या पोराला मरणाशी नेऊन बांधण्याचे प्रयोजन काय? तो धातूच नामावरून बनवलेला आहे, असा आक्षेप निघतो. निघो, निदान त्या वैयाकरणाने पोरे पाहिली होती. वयाचा हिशेब मात्र अवघड आहे. ‘कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि’ या प्रसिद्ध श्लोकाप्रमाणे कुमार पाच वर्षांपर्यंतचा, पौगंड दहापर्यंतचा आणि त्यानंतर सोळापर्यंत कैशोर. आपण ज्याला ‘पौगंडावस्था’ म्हणतो, ती श्लोकाच्या हिशेबाने दहाव्या वर्षीच आटोपते!

तरीही नववी-दहावीच्या पुस्तकाचे नाव ‘कुमारभारती’ आणि अकरावी-बारावीच्या पुस्तकाचे ‘युवकभारती’ असल्यामुळे ‘कुमारसाहित्य’ला मी चूक म्हणणार नाही. माझे मत ‘किशोरसाहित्य’ला आहे आणि ते केवळ घोड्यासाठी नाही. नाव बदलले की पाठही बदलतो. ‘बाल’ म्हटले की टाचणातील ‘मूल्य’ या रकान्यात हात आपोआप ‘आज्ञाधारकपणा’ लिहितो, मग कथेतील मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेलेला का असेना. या वयाच्या साहित्यात निवेदक बहुधा वाचकाच्याच वयाचा असतो, त्याचे चुकते आणि लेखक त्याला लगेच सावरत नाही. वर्गात प्रश्न विचारायचा तो ‘यातून काय बोध मिळतो?’ असा नव्हे, तर ‘याचे तुला कोठे पटले नाही?’ असा. तसे न करता कृतिपत्रिकेच्या गुणांमागे शिक्षक धावू लागले, की मागून मुले धावतात आणि मग ‘शिंगरू मेले हेलपाट्याने’ ही म्हण वर्गातच खरी होते.

तेव्हा टाचणात ‘किशोरसाहित्य’ लिहावे आणि ते जोडून लिहावे. ‘किशोरवयीन साहित्य’ लिहू नये. किशोरवयीन असतो तो वाचक.