पोलिसांकडून आलेलं ग्लॉक: आधी स्प्रिंग ओळखा

पोलिसांनी वापरून विकलेलं ग्लॉक कंपनीचं पिस्तूल घेतलंय, पण ट्रिगर जड लागतोय, असं विचारलंत. घेतलंत ते चांगलंच केलंत. अमेरिकन पोलिसांची ही जुनी पिस्तुलं बाहेरून घासलेली, आतून बहुधा ठणठणीत असतात. ट्रिगर जड लागतोय म्हणून लगेच आतले भाग पॉलिश करायच्या नादी लागू नका.

- मॅगझीन काढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागची गोळीची जागा) गोळी नाही ना, हे डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा.
- मग ट्रिगर हाउसिंग, म्हणजे ट्रिगरचे मागचे भाग धरून ठेवणारा प्लास्टिकचा ठोकळा, पाहा. साधी गुंडाळलेली स्प्रिंग असेल तर नेहमीचा ट्रिगर. ऑलिव्ह प्लास्टिकचा तुकडा म्हणजे 'न्यूयॉर्क १' ही जड स्प्रिंग, नारिंगी म्हणजे त्याहून जड 'न्यूयॉर्क २'. '२'ने ट्रिगर फारच जड होतो, काही पोलिस दलांना मुद्दाम तसा हवा असायचा!
- नवशिके हमखास गुंडाळलेली स्प्रिंग उलटी लावतात. ग्लॉकच्या चौथ्या पिढीच्या (जनरेशन ४) मॉडेलपर्यंत ती बाजूने इंग्रजी 'एस'सारखी दिसायला हवी. पाचव्या पिढीची वेगळी असते.

कनेक्टरला (ट्रिगर किती जड लागेल हे ठरवणारी वाकवलेली छोटी पट्टी) सध्या हात लावू नका. जोडून झाल्यावर रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबून धरा, स्लाइड मागे ओढून सोडा, मग ट्रिगर हळूच सैल करा. 'टक्' जाणवलं नाही तर गोळ्या भरायच्या नाहीत, सरळ आर्मररकडे (शस्त्रदुरुस्ती करणारा) न्यायचं.