सुट्टीत घरी रात्री सिनेमा बघताना वेफर्स-कोल्ड्रिंकऐवजी काय खावं?

सांगलीत राहता, मे महिन्याच्या सुट्टीत आठवड्यातून तीन-चार रात्री मुलांबरोबर सिनेमा लावता आणि दर वेळी वेफर्स, फरसाण आणि कोल्ड्रिंकची बाटली संपते, असं तुम्ही लिहिलंय. सिनेमा सोडायचा नाही, खाणं सुधारायचंय. पदार्थ बदलण्याआधी खाण्याची वेळ बदला.

घरच्या सिनेमाला मध्यंतर ठेवा. सांगली ही नाट्यपंढरी. नाटक चालू असताना तिथे कुणी मांडीवर पाकीट फोडून बसत नाही, बटाटेवडा मध्यंतरातच खाल्ला जातो. तीच शिस्त घरी आणायची. अडीच तासांचा सिनेमा असेल तर सत्तर-ऐंशी मिनिटांनी थांबवा, दिवे लावा, पंधरा मिनिटं खा आणि पुन्हा सुरू करा. आपल्याकडच्या बहुतेक सिनेमांची पटकथा मध्यंतर धरूनच लिहिलेली असते, त्यामुळे रसभंग होत नाही. मुलांचा दीड तासाचा ॲनिमेशनपट असेल तर आधीच खाऊन बसलेलं बरं. पडद्याकडे लक्ष असताना पोट भरल्याचं कळत नाही, हात पाकिटात जातच राहतो. म्हणून पाकीट स्वयंपाकघरातच ठेवायचं आणि प्रत्येकाला वेगळी वाटी द्यायची. एकाच मोठ्या ताटलीत सगळ्यांनी हात घातला की कोणी किती खाल्लं याचा हिशेब राहत नाही.

दुसरी गोष्ट, रिकाम्या पोटी सिनेमाला बसू नका. साडेसातला भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर असं साधं जेवण झालं की साडेनऊच्या मध्यंतरात लहान वाटी पुरते.

आता वाटीत काय? मखाने वगैरे महागडं काही आणायची गरज नाही. सांगलीत राहून भडंग सोडायला मी तरी सांगणार नाही. फक्त ते घरी करा, म्हणजे तेल आणि मीठ आपल्या हातात राहतं. 100 ग्रॅम चुरमुऱ्यांना 20 मिली तेल, म्हणजे दीड मोठा चमचा, पुरेसं होतं. 40 ग्रॅम शेंगदाणे कोरडेच मंद आचेवर भाजून घ्या. मूठभर फुटाण्याची डाळ घेतलीत तर प्रथिनंही वाढतात. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या सालीसकट ठेचा आणि तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत तळा. इथे घाई नको. लसूण मऊ राहिला तर त्याचा ओलावा चुरमुरे शोषतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं सादळतं. कढीपत्ताही धुतल्यावर पूर्ण कोरडा करून घाला. मग गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि त्यानंतरच पाव चमचा हळद आणि एक चमचा लाल तिखट टाका. कडकडीत तेलात तिखट करपतं, भडंग काळपट आणि कडवट होतं. लगेच चुरमुरे, दाणे आणि डाळ घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं सतत परता. चुरमुऱ्यांना बहुधा आधीच मीठ असतं, म्हणून एक चाखून बघा आणि मगच वरून मीठ घाला. घरचा कांदा-लसूण मसाला वापरणार असाल तर तो कोरडा आहे ना ते बघा, ओलसर असेल तर भडंग नरम पडतं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. चुरमुरे मुळातच सादळलेले असतील तर तासभर कडक उन्हात ठेवा, मे महिन्यात तेवढं ऊन फुकट आहे.

पॉपकॉर्न हा वाईट पदार्थ नाही. मका अख्खं धान्य आहे, त्यात तंतू भरपूर असतात. बिघडतं ते वरच्या बटर आणि मिठामुळे. पॉपकॉर्नचा सुटा मका घ्या. साधा किंवा गोड मका तसा फुलत नाही, त्याचं साल आतली वाफ धरून ठेवण्याइतकं घट्ट नसतं. फुलणाऱ्या दाण्यात साधारण 14 टक्के पाणी असतं. दाणा 180 अंशांच्या आसपास तापला की त्या पाण्याच्या वाफेने साल फुटतं. म्हणूनच फार दिवस उघडं राहिलेलं पाकीट फुलत नाही, त्यातलं पाणी उडालेलं असतं. अशा वेळी 250 ग्रॅम दाण्यांना एक लहान चमचा पाणी लावून घट्ट झाकणाच्या बरणीत दोन दिवस ठेवा आणि मधेमधे हलवा.

50 ग्रॅम दाणे चौघांना पुरतात. जाड बुडाच्या पातेल्यात एक मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल आणि तीन दाणे टाका. ते फुटले की तेल तापलं. बाकीचे दाणे घालून पातेलं अर्धा मिनिट आचेवरून बाजूला ठेवा, म्हणजे सगळे एकसारखे तापतात, मग परत मध्यम आचेवर घ्या. झाकण किंचित तिरकं ठेवा. वाफ कोंडली तर पॉपकॉर्न चामट होतात. दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडू लागलं की उतरवा. शेवटच्या चार दाण्यांसाठी थांबलात तर खालचे करपतात. रंग हवा असेल तर तेलातच चिमूटभर हळद घाला, सांगलीत हळदीला तोटा नाही. बटरमध्ये पाणी असतं, त्याने पॉपकॉर्न लगेच मऊ पडतात. त्याऐवजी एक लहान चमचा पातळ तूप फिरवा. मीठ मिक्सरमध्ये बारीक करून घ्या. बारीक मीठ दाण्याला चिकटतं आणि निम्म्यात काम भागतं, जाडं मीठ तळाशी जातं आणि मग आपण आणखी घालत बसतो.

मिठावर इतका जोर देतोय कारण खारट खाल्लं की तहान लागते, आणि कोल्ड्रिंक तिथेच शिरतं. 250 मिलीच्या बाटलीत साधारण 26 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा लहान चमचे. त्याऐवजी ताक. एक वाटी दह्याला तीन वाट्या पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, कोथिंबीर. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं. रात्रभर बाहेर ठेवलं तर आंबट होतं आणि मुलं प्यायला नाही म्हणतात, तेव्हा लागलं की फ्रीजमध्ये टाका. कोकम किंवा पन्हं चालेल, पण बाजारच्या तयार सिरपमध्ये बहुतेक साखरच असते. घरच्या पन्ह्यातला गूळही शेवटी साखरच, त्यामुळे रोज मोठा पेला नको.

तासगावचा बेदाणा गोड खाण्याची हौस भागवतो, पण त्यात साठ टक्क्यांच्या वर साखर असते. माणशी वीस-पंचवीस दाणे पुरेत. कलिंगड कापल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा, सिनेमा संपेपर्यंत टेबलावर राहिलेल्या फोडी सकाळसाठी ठेवू नका.

गच्चीवर पडदा लावणार असाल तर सहाला स्लॅबवर पाणी मारा, नाहीतर दहापर्यंत खालून धग येत राहते. पुरेसा अंधार पावणेआठ-आठला होतो. खाण्याचे डबे झाकूनच वर न्या, उजेडावर किडे येतात.

घरात चार वर्षांखालचं मूल असेल तर त्याला पॉपकॉर्न, शेंगदाणे, फुटाणे अजिबात देऊ नका. अंधारात, हसता-हसता दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच्यासाठी मऊ केळ्याचे किंवा पिकल्या आंब्याचे बारीक तुकडे करा आणि दिवे लागलेले असताना, मांडीवर बसवून भरवा.