'तें म्हज्या हातांत ना'

प्रश्न : आदरणीय काका, तुमचं सदर आमच्या घरी आधी आई वाचते, मग मी. मी डिचोली तालुक्यातला, वय 26. कांदोळीच्या बाजूला एका हॉटेलात तीन वर्षं फ्रंट ऑफिसला आहे. स्टाफ साठेक जणांचा. सातव्या वर्षापासून माझी मान मध्येच उडते, नाक ओढलं जातं, घशातून 'हुं' असा आवाज येतो. लहानपणी सगळे म्हणायचे, खोड आहे. आईने घाड्याकडे (भगताकडे) नेलं, देवचाराला कोंबडा दिला, काही उपयोग झाला नाही. दोन वर्षांमागे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) डॉक्टरांनी नाव सांगितलं : टुरेट सिंड्रोम. हॉटेलात मी हे कोणाला बोललेलो नाही.

डिसेंबरच्या सीझनमध्ये एका गेस्टने तक्रार केली, 'काउंटरवरचा पोरगा माझी नक्कल करतो.' पहिला मेमो आला. मग मला नाईट ऑडिटला, म्हणजे रात्रपाळीच्या हिशेबाला टाकलं. झोप मोडल्याने त्रास दुप्पट झाला. त्यात गावच्या जत्रेच्या नाटकात मी काम केलं. दोन तासांत मान एकदाही उडाली नाही. हॉटेलातला एकजण नाटक बघायला आला होता, त्याने ते मॅनेजरला सांगितलं. आता दुसरा मेमो आहे : 'जाणूनबुजून असभ्य वर्तन', 48 तासांत उत्तर द्या. एचआरच्या बाई तोंडी म्हणतात, राजीनामा दे, एक्सपीरियन्स लेटर चांगलं देऊ. माझ्याकडे दिव्यांगाचं सर्टिफिकेट नाही. राजीनामा देऊ का? (फोन नंबर खाली लिहिला आहे.)

उत्तर : 48 तासांची मुदत आणि मासिकाचं सदर यांचा मेळ बसत नाही, म्हणून पत्र हाती आलं त्याच संध्याकाळी तुला फोन केला होता. तेव्हा घाईत जे बोललो ते आता सावकाश लिहितो. नाव-गाव गाळून छापायला तू हो म्हणालास म्हणून.

राजीनामा देऊ नकोस. फोनवर पहिलं हेच सांगितलं, इथेही पहिलं हेच. राजीनाम्यात 'स्वखुशीने' हा शब्द हटकून असतो. त्याखाली सही झाली की पुढे तुझ्या बाजूने भांडणाऱ्या वकिलाचा अर्धा वेळ तो एक शब्द पुसण्यात जातो.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, तेही ऐक. वकिली सुरू करण्याआधी मी एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. 1992 साल असेल. पॅकिंगच्या लाईनवर एक माणूस होता. खांदा उडवायचा, डोळे घट्ट मिटायचा आणि जिभेने टाळ्यावर 'टॉक' असा आवाज करायचा. सुपरवायझर म्हणाला, पिऊन येतो. नंतर म्हणाला, मला चिडवतो. चार्जशीट मी टाईप केली. मथळाही जवळपास तुझ्या मेमोसारखाच. चौकशीत तो एवढंच म्हणाला, 'तें म्हज्या हातांत ना, सायबा.' म्हणजे, ते माझ्या हातात नाही. मी ते 'आरोपीने कृत्य नाकारले नाही' असं लिहून घेतलं आणि फाईल वर पाठवली. त्याची नोकरी गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी बांबोळीलाच ओपीडीच्या बाकड्यावर एक सात-आठ वर्षांची मुलगी तसंच 'टॉक' करत बसलेली पाहिली, आणि तिच्या बापाने मला आजाराचं नाव सांगितलं. त्या दिवशी कशासाठी गेलो होतो तेही आठवत नाही.

त्यामुळे पलीकडच्या टेबलावर काय चालतं ते मला माहीत आहे. एचआरला तुझा राग नसतो, त्यांना फाईल पुरी करायची असते. तू गप्प राहिलास तर फाईलमध्ये एकच बाजू राहते. आणि रागावू नकोस, पण दोन वर्षं हातात निदान असून तू ते सांगितलं नाहीस, ही त्यांची सोय तूच करून दिलीस.

मेमोचं उत्तर आपण त्याच रात्री लिहिलं, ते इतरांच्या उपयोगासाठी देतो. 'मला टुरेट सिंड्रोम हा चेतासंस्थेचा आजार लहानपणापासून आहे. मान उडणे व घशातून आवाज येणे ही त्याची लक्षणे असून ती माझ्या इच्छेवर नाहीत. कोणाचीही नक्कल किंवा अपमान करण्याचा माझा हेतू नव्हता व नाही. त्या पाहुण्यांना वाईट वाटले याचे मला दुःख आहे. डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खाली मला पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती.' यापेक्षा लांब लिहायचं नाही. 'माफ करा, पुन्हा होणार नाही' तर मुळीच नाही. ते पुन्हा होणार आहे, आणि मग तुझंच वाक्य तुझ्यावर उलटेल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्यायची. नाही दिली तर ईमेल करायचा.

आता कायदा. 2016 चा हा अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि टुरेटचं नाव त्यात नाही. एचआरच्या बाई उद्या हेच म्हणतील. पण यादीत जुनाट चेताविकारांचा एक गट आहे, तिथे मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही नावं 'यांसारखे' म्हणून येतात. शिवाय दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या यादीपेक्षा मोठी आहे : दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव, जी समाजातल्या अडथळ्यांशी गाठ पडली की माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरू देत नाही. तुझी मान उडते ही उणीव. मेमो हा अडथळा.

सर्टिफिकेटचा प्रश्न तू शेवटी विचारलास, पण मला येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात तो असतो. सर्टिफिकेटवर किमान 40 टक्के दिव्यांगत्व असण्याची अट आरक्षणासारख्या खास लाभांसाठी आहे. भेदभाव होऊ नये यासाठी ती अट नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 11 फेब्रुवारी 2021 चा विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल तुझ्या फाईलला लावून ठेव. त्या तरुणाला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, तोही चेतासंस्थेचाच, आणि 40 टक्के बसत नव्हते म्हणून परीक्षेत लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं, लेखनिक मिळायला 40 टक्के लागत नाहीत. वाजवी सोय हा हक्क आहे आणि ती त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे ठरवायची असते. तेव्हा सर्टिफिकेटसाठी अर्ज जरूर कर, पण त्याची वाट बघत बसू नकोस.

दुसरा निकाल त्याच वर्षीचा, 17 डिसेंबरचा, रविंदर कुमार धारीवाल यांचा. केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी, मानसिक आजार, वर्तनाबद्दल चौकशी. न्यायालय म्हणालं, दिव्यांगत्व हे त्या वर्तनामागच्या कारणांपैकी एक असलं तरी पुरे, शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावच ठरतो. मी 1992 साली केलं ते नेमकं हेच.

कायद्याची लंगडी बाजूही सांगतो, नाहीतर तू भलत्या भरवशावर राहशील. नोकरीतल्या भेदभावाचं कलम 20 फक्त सरकारी आस्थापनांना बांधतं. तुझं हॉटेल खासगी. तिथे तुला कलम 3 धरावं लागतं : दिव्यांगत्वावरून भेदभाव नको, आणि वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच. त्यात मालकाला एक पळवाट आहे. 'योग्य हेतूसाठी प्रमाणात केलेली कृती' असं त्याने दाखवून दिलं तर तो सुटतो. पण दाखवायचं त्याने. केंद्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे अशी तक्रार गेली, की त्याने कारवाई तरी करायची, नाहीतर आपलं वागणं कसं योग्य ते लेखी कळवायचं. एका पाहुण्याची तक्रार म्हणून माणूस काढणं हे 'प्रमाणात' कसं, हे कागदावर लिहायला कुठलाही मॅनेजर दहा वेळा विचार करील. त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे : सोयीचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारायचा नाही.

आणि तुझ्या सोयींना खर्च तरी कसला? रात्रपाळी नको, एवढं डॉक्टरांच्या पत्रात यावं. शीण आणि ताण वाढला की मान उडण्याचे, आवाजाचे झटके वाढतात, ही या आजाराची रीतच आहे. दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटं मागच्या खोलीत जाता यावं, कारण तू गेस्टसमोर आवाज दाबतोस तो शिंकेसारखा नंतर बाहेर येतोच. सोबतच्या लोकांना एकदा बसवून माहिती द्यावी. काउंटरवर राहायचं की रिझर्व्हेशनच्या फोनवर, हे तुला विचारून ठरावं. काउंटरवर राहिलास तर दोन ओळींचं छोटं कार्ड ठेव. बहुतेक पाहुणे वाचून हसतात आणि चावी घेतात.

नाटकाचं उत्तर मला सगळ्यात आवडलं, कारण त्यांना वाटतं तो त्यांचा हुकमाचा एक्का आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी 1885 मध्ये नऊ रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं. झटके थोडा वेळ रोखता येतात आणि मन पुरतं गुंतलं की ओसरतात, हे डॉक्टर रोज बघतात. रंग लागलेला नट, घुमट वाजवणारा, शस्त्रक्रिया करणारा, कोणाचंही असं होऊ शकतं. मॅनेजर फुटबॉलवाला असेल (गोव्यात कोण नसतो?) तर त्याला अमेरिकेच्या टिम हॉवर्डची आठवण दे. 2014 च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध या गोलरक्षकाने पंधरा-सोळा वेळा चेंडू अडवला. त्याला टुरेट आहे. चेंडू अडवताना स्थिर राहतो म्हणून त्याला ढोंगी म्हणायचं काय? हे सगळं तू वाद घालून सांगू नकोस, डॉक्टरांकडून एका ओळीत लिहून घे : 'एकाग्रतेच्या वेळी लक्षणे कमी होणे हे या आजाराचेच वैशिष्ट्य आहे.'

एवढं करूनही हॉटेल हललं नाही, तर पणजीला राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार. वकील लागत नाही, नियमांत 60 दिवसांत निकाली काढायला सांगितलंय, आणि कागदपत्रं नि साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयुक्तांना आहेत. मात्र ते शिफारस करतात, कोर्टासारखा हुकूमनामा काढत नाहीत. कामावरून काढलंच तर पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडेही जायचं. तेव्हा मला आधी फोन कर.

किचनमधली पोरं तुझी नक्कल करतात असं फोनवर म्हणालास. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान केला तर कलम 92 खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. माहीत असू दे, पण आज ते बाहेर काढू नकोस. त्या पोरांना अजून कोणी आजाराचं नाव सांगितलेलंच नाही. आधी सांगून बघ.

प्रश्न : म्हापशाला माझं कापडाचं दुकान आहे, माणसं सात. नात्यातला एक मुलगा कामाला ठेवायचा आहे, त्याला असाच त्रास आहे, कधीकधी शिवीही तोंडातून जाते. कायदा मला लागू होतो का? गिऱ्हाइकांचं काय?

उत्तर : वीस माणसांचा आकडा नियमांतल्या काही कामांसाठी आहे, भेदभाव करायची मुभा म्हणून नव्हे. शिवी बाहेर पडण्याचा प्रकार या आजाराच्या थोड्याच लोकांत दिसतो, दहातल्या एखाद-दोघांत. तुमच्या वाट्याला तो आला. गिऱ्हाइकांना तुम्हीच आधी सांगायचं. म्हापशाच्या बाजारात एका शुक्रवारी सांगितलंत की दुसऱ्या शुक्रवारी बार्देशभर झालेलं असतं. त्याला पहिले पंधरा दिवस मागे तागे मोजायला ठेवा, आणि पुढे यायचं कधी ते त्यालाच विचारा.