बोटीच्या चकाकीसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: आम्ही कोथरूडला राहतो. मी आणि माझ्या मेव्हण्याने निम्मे-निम्मे पैसे घालून फायबरची एक सोळा फुटी सेकंडहँड बोट घेतली आहे. पानशेतच्या बॅकवॉटरला मित्राच्या जागेत ती ट्रेलरवर उघड्यावरच असते. रंग गडद निळा. मागच्या वर्षी गाड्यांचं काम करणाऱ्या एकाकडून मशीनने रबिंग करून घेतलं, तेव्हापासून उन्हात सगळीकडे गोल गोल रेघा दिसतात. आता एका डिटेलिंगवाल्याने रेघा काढून वर तीन वर्षांचं सिरॅमिक कोटिंग (चकाकी टिकवणारा संरक्षक थर) करायचे ७२,००० रुपये सांगितलेत. एफडी मोडू की कार्डवर ईएमआय करू? विकताना पैसे वसूल होतील, असं मेव्हणा म्हणतो.

उत्तर: तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. तळाला बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ लिहिलंय. १८ टक्के धरले की ७२,००० चे ८४,९६० होतात. म्हणजे वर्षाला २८,३२० रुपये, तेही कोटिंग खरंच तीन वर्षं टिकलं तर. पानशेतच्या उन्हात उघड्यावर पडलेल्या गडद निळ्या बोटीवर ते तेवढं टिकेल, यावर मी पैसे लावणार नाही.

त्या कोटेशनमध्ये दोन वेगळी कामं एका आकड्यात बांधली आहेत. रेघा काढणं ही दुरुस्ती आहे, ती नीट झाली की संपली. कोटिंग म्हणजे देखभाल, ती दर काही काळाने पुन्हा करावीच लागते. शिवाय कोटिंगने रेघा लपत नाहीत. खाली रेघा राहिल्या तर त्या तशाच चकचकीत होऊन दिसतात. त्यामुळे दोन्हींचे आकडे वेगळे मागा. द्यायला कां-कूं केली तर दुसरीकडे विचारा.

गाडीवाल्याने काय केलं असावं, तेही सांगतो, कारण त्यावर खर्च ठरतो. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो. बोटीचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत थर, साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे जवळपास दहापट जाड. उन्हाने तो खडूसारखा पांढुरका पडतो, ते काढायला जाड कंपाउंड आणि लोकरीचं पॅड लावतात. इथवर बरोबर. पण त्यानंतर बारीक पॉलिश आणि फोमचं पॅड घेऊन दुसरा हात मारायचा असतो. बहुधा तोच राहिलाय. पांढऱ्या बोटीवर हे खपून गेलं असतं, गडद निळ्यावर खपत नाही. म्हणजे बोट खराब झालेली नाही, काम अर्धवट सुटलंय. मात्र प्रत्येक वेळी मशीन मारलं की जेलकोट थोडा झिजतो आणि तो परत येत नाही, म्हणून दरवर्षी रबिंग करू नका.

मेव्हण्यांचं म्हणणं मला पटत नाही. सेकंडहँड बोट घेणारा आधी इंजिन बघतो, मग ट्रेलर आणि कागदपत्रं. चकाकीने गिऱ्हाईक लवकर मिळेल, पण ८५ हजार वाढवून कोण देणार? तेव्हा हा खर्च हौसेच्या खात्यात धरा. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण तिच्यासाठी एफडी मोडायची नसते. मुदतीआधी मोडलीत तर जितके दिवस झाले तितक्याच दिवसांचा दर मिळतो आणि त्यातूनही बँका सहसा अर्धा ते एक टक्का कापतात. ईएमआय ‘नो कॉस्ट’ म्हणून दिला तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी सुटत नाही.

माझं मत विचाराल तर आत्ता फक्त सावली विकत घ्या. लोखंडी पाइपचा सांगाडा, वर पत्रा किंवा जाड ताडपत्री. ताडपत्री थेट बोटीवर टाकू नका. वाऱ्याने फडफडून ती अंग घासते, नवे ओरखडे पडतात आणि आत ओल कोंडते. बोट साध्या शाम्पूने धुऊन हाताने मरीन वॅक्सचा एक थर द्या. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे जातं, पुढे पाऊस लागतो, तोवर बोट तशीही फारशी उतरत नाही. सावलीत असेल तर त्या रेघा काही वाढत नाहीत.

रेघांचं काम ऑक्टोबरात करा. मधल्या सहा महिन्यांत दोघांनी प्रत्येकी महिना ३,००० ची आरडी लावली तर ३६,००० जमतात, वर थोडं व्याज. कोटिंग वगळल्यावर एवढ्यात काम बसायला हरकत नाही. स्वतः करायची तयारी असेल तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरवताना हलवतही राहणारं मशीन), फोमची पॅडं आणि पॉलिश घेऊन याहूनही कमीत भागेल. दोन फूट बाय दोन फुटांचा एकच तुकडा आधी करून बघा, आणि सावलीतच. तापलेल्या जेलकोटवर पॉलिश लगेच सुकतं आणि घोटाळा होतो.

बाहेरून करून घेतलंत तर सगळे पैसे एकदम देऊ नका. काही पॉलिशमधलं तेल रेघांमध्ये भरून बसतं. त्या दिवशी अंग आरशासारखं दिसतं, चार वेळा धुतल्यावर रेघा पुन्हा वर. म्हणून काम झाल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला सांगा, म्हणजे ते तेल निघून जाईल, आणि टॉर्च तिरका धरून बघा. रेघा दिसल्या नाहीत तरच उरलेले पैसे. हे आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, नंतर वाद नको.

आणि मेव्हण्यांचा हप्ता तुम्ही भरून ‘नंतर बघू’ म्हणू नका. आरडी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांवर असू द्या. सांगाड्याचा निम्मा खर्च मात्र फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स द्यायच्या आधीच त्यांच्याकडून घ्या.