दाद, धातू आणि केमोला न जुमानणारी गाठ

प्रश्न थोडक्यात असा आहे. तोंडाच्या कॅन्सरवरच्या एका बातमीत ‘काही रुग्णांच्या शरीरात केमोथेरपीविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते’ असं छापलंय, तर ते बरोबर आहे का, की ‘औषध-प्रतिरोध’ म्हणायला हवं, आणि मग पुढे ‘प्रतिरोधक’ लिहायचं की ‘प्रतिरोधी’.

बरोबर नाही, अजिबात नाही, आणि हे वाक्य पेपरात, टीव्हीवर, व्हॉट्सअॅपवर सारखं दिसतं म्हणून चिडचिड होते. मराठीत प्रतिकारशक्ती म्हटलं की माणसाची रोगाशी लढायची ताकद, दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येतच नाही. इथे औषधाला अडवतायत त्या गाठीतल्या पेशी, पेशंटचं शरीर नाही. उलट केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणजे पेशंटची खरी प्रतिकारशक्ती त्या काळात खाली येते. हे नुसतं व्याकरणाचं भांडण नाहीये. हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीपाशी रांगेत एक मुलगा भावाला सांगताना ऐकलाय, की आईची प्रतिकारशक्ती मुळातच दणकट म्हणून केमो लागू पडली नाही, आता अंडी आणि दूध बंद करू. चुकीचा शब्द वापरला की ताटातलं अन्न असं कमी होतं!

दुसरं तितकंच वाईट म्हणजे ‘पेशंटनं केमोला दाद दिली नाही’. म्हणजे जिनं सलाईन लावून घेतलं, उलट्या काढल्या, तोंड आलेलं असताना पातळ भात गिळला, दोष तिचाच? दाद गाठीनं दिली नाही हो, बाईनं नाही. आणि ‘केमो मानवली नाही’ ही तिसरीच गोष्ट, तिथे औषधाचा त्रास पेशंटला सोसला नाही, सिसप्लॅटिन या केमोच्या औषधानं किडनीवर ताण येतो, कानाला कमी ऐकू यायला लागतं, ते. गाठ तेव्हा आक्रसतही असेल. मानवणं पेशंटचं, दाद देणं गाठीचं, एवढं पाळलं तरी निम्मा घोळ मिटेल.

आता या ‘दाद’कडे या, कारण मराठीत शेकडो वर्षं वापरातला शब्द समोर असताना आपण प्रतिरोधाच्या मागे का लागतो ते मला कळत नाही. ‘रोग औषधाला दाद देत नाही’ हे कुठल्याही आजीला सांगा, लगेच कळतं. शब्द फारसी, मूळ अर्थ न्याय. दाद मागायची म्हणजे गाऱ्हाणं घेऊन न्याय मागायचा, दादफिर्याद हा जोडशब्द त्यातलाच, आणि आजही शिवाजीनगर कोर्टाच्या बातमीत ‘उच्च न्यायालयात दाद मागणार’ असंच छापतात. सरकारदरबारी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं तर दाद लागली, कुणी ढुंकून पाहिलं नाही तर दाद दिली नाही. तिथून तो गाण्याच्या बैठकीत गेला, चांगल्या तानेला दाद देणं म्हणजे गवयाच्या मेहनतीला न्याय देणं, सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात हात वर जातात ते त्या जुन्या अर्थानंच.

काही जण, अगदी शिकलेले, ठासून सांगतात की दाद हा संस्कृत ‘दा’ धातूवरून, दान-दाता-दाद. साफ चूक. घोटाळा कुठून झाला ते दिसतं, फारसीत ‘दिलं’ या अर्थाचाही एक दाद आहे, पण न्यायवाला दाद वेगळ्या घरचा. जुन्या पर्शियनमध्ये ‘दात’ म्हणजे कायदा, इराणच्या दारयवौश (डरायस) राजाच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, तो कोरलेला आहे, आणि त्याचं मूळ ‘ठेवणं, घालून देणं’ या अर्थाचं. इराणी भाषांत ध चा द होतो, तेव्हा त्याचा संस्कृत भाऊ दा नाही, धा! विधी, विधान, निधी, सगळी त्या घरची माणसं. घालून दिलेला तो विधी आणि घालून दिलेली ती दाद. आणि त्याच धा पासून, नीट बघा, ‘धातू’.

इथे मला खरंच आनंद होतो, कारण तोंडाच्या कॅन्सरमधलं नेहमीचं औषध सिसप्लॅटिन, त्याच्या पोटात प्लॅटिनम आहे, म्हणजे धातू. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग हे अमेरिकी शास्त्रज्ञ जीवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते, प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड होते, जीवाणू लांबट झाले पण त्यांचं विभाजन थांबलं, आणि कळलं की काम विजेचं नाही, इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमच्या संयुगांचं. त्यातल्या सिसप्लॅटिनला १९७८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. तर गाठ सिसप्लॅटिनला दाद देत नाही म्हणताना आपण एकाच मुळाचे दोन शब्द समोरासमोर उभे करतो, धातूला दाद न देणं. हजारो वर्षांनी भेटलेली भावंडं.

भाषाशुद्धीवाले म्हणतील फारसी शब्द कशाला. त्यांना एकच सांगतो, फर्गसनमध्ये फारसी शिकवलेल्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. माणूस मोठा, पण मी कोशकर्त्या माधवरावांच्या बाजूनं आहे.

बरं, गाठ दाद देत नाही म्हणजे आत काय होतं? हेही लिहायला हवं, कारण ‘पेशींना औषधाची सवय होते’ हे वाक्यही फिरतंय. सवय हा तंबाखूच्या, मिशरीच्या बाबतीतला शब्द, तिथेच राहू दे. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात, कच्च्या असतात त्या मरतात, चिवट मागे उरतात आणि त्यांचीच पुढे वाढ होते, काही पेशी उपचार चालू असतानाही बदलतात, आणि काही गाठी तर पहिल्या डोसपासूनच दाद देत नाहीत. सिसप्लॅटिन पेशीत शिरतं त्यातल्या एका वाटेवर तांबं आत घेणारं प्रथिन असतं, ते कमी झालं की औषध कमी शिरतं. आत शिरलंच तर पेशीतलं ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला बांधून निकामी करतं. त्यातून डीएनएपर्यंत पोचलं तर पेशी तो डीएनए दुरुस्त करते, नाहीतर इतकं नुकसान होऊनही मरायचा निरोपच ऐकत नाही. ही शेवटची पायरी वाचली की दाद हा शब्द किती नेमका बसतो बघा, प्रतिरोधात अडवणं आहे, न ऐकणं नाही.

आणि ‘पेशी औषध पंपानं बाहेर फेकतात’ हे सरसकट लिहू नका. तो प्रसिद्ध पंप, पी-ग्लायकोप्रोटीन, पॅक्लिटॅक्सेल-डोसेटॅक्सेलसारखी केमोची दुसरी औषधं बाहेर टाकतो, सिसप्लॅटिन त्याच्या वाट्याला जात नाही. ती औषधं आणि सिसप्लॅटिन बरेचदा एकाच सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या एकाच फेरीत, देतात म्हणून बातमीदार दोन्हींचं कारण एक करून टाकतात. शिवाय तोंडाच्या कॅन्सरमध्ये मुख्य उपचार बहुतेक वेळा ऑपरेशन, केमो बरेचदा रेडिएशनच्या जोडीला, तेव्हा केमोला दाद नाही म्हणजे सगळं संपलं असा सूरही लावू नये.

हां, ते प्रतिरोधक-प्रतिरोधी. दोन्ही चालतात, ‘औषध-प्रतिरोधी गाठ’ मला बरं वाटतं, कारण ‘प्रतिरोधक’ म्हटलं की लस आठवते. फक्त ‘प्रतिरोधक केमो’ असं उलटं लिहू नका, परवाच एका मथळ्यात दिसलं. आणि हिंदीत नायट्याला दाद म्हणतात तो दद्रूवरून आलेला, त्याचा या दादेशी काही संबंध नाही, कुणी जोडायला जाऊ नये.