बालगृहात नवीन लागलोय. समाजकार्यवाल्यांच्या संघटनेची मेंबरशिप घ्यावी का, काही उपयोग होतो का?

घ्या की. पण नुसती पावती फाडून सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं असेल तर पैसे राहू द्या खिशात.

मी आठ वर्षं कंत्राटी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) होतो. २०१९ च्या जानेवारीत सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा मोटारसायकल चोरीत आला. बाल न्याय मंडळापुढं उभा केल्यापासून १५ दिवसांत एसआयआर द्यायचा (मतदारयादीवाला नव्हे, आपला फॉर्म ६, पोराच्या घरचा सामाजिक तपास अहवाल) हे तुम्हाला माहीतच असेल. गावात गेलो तर घरात एकटी आजी, तिला ऐकू कमी, आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, सांगलीकडं. साहेब म्हणाले आजीचा अंगठा घे, मागच्या केसचा फॉर्म काढ, नाव बदल, विषय संपव. मी म्हटलं बापाशी न बोलता पोरगं कुणाच्या ताब्यात द्यायचं हे कुठल्या तोंडानं लिहू, तर म्हणे टीए (प्रवासभत्ता) मिळणार नाही. गेलो स्वतःच्या पैशानं, रात्रीची एसटी, तळावर पोचलो तर टोळी फडात गेलेली, मुकादमाला वाटलं मी पोलीस, दुपारपर्यंत त्यांच्या कोपीबाहेर (झोपडीबाहेर) बसून राहिलो तेव्हा बाप आला. आणि कळलं काय, तर पोरगा आधीचे दोन हंगाम आईसोबत मोळ्या बांधत होता, यंदा पहिल्यांदाच अकरावीसाठी म्हणून मागं ठेवलेला. म्हणजे 'शाळा सोडल्यामुळे वाईट संगत' हे आम्ही ठोकून द्यायचो ते इथं बरोबर उलटं! मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, बापाला हलता येईना, पण तालुक्याला मामा आहे हे त्यानंच सांगितलं.

अहवाल सतराव्या दिवशी गेला आणि मला मेमो.

ऑफिसात कुणी चकार शब्द काढला नाही. आमचा दहा-बारा परिविक्षावाल्यांचा एक ग्रुप होता, नोंदणी नाही वर्गणी नाही, महिन्यातून एक शनिवार स्टँडसमोर चहा, त्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या मॅडम रात्री साडेदहाला फोन करून पाऊण तास बोलल्या. माफी लिहू नको, तारीखवार लिही, तिकिटं जोड, आणि पुढच्या वेळी मुदत संपायच्या आधीच मंडळाकडं अर्ज टाक. तसंच केलं, मेमो तिथंच थांबला. पोरगं मामाकडं गेलं.

मी याला संघटना म्हणतो. वकिलांना बार कौन्सिल असते, आपल्याला तसं काही नाही, त्यामुळं हेच. (जिल्ह्याच्या परिविक्षा व अनुरक्षण संघटनेशी गल्लत करू नका, त्या निरीक्षणगृहं चालवतात.) मेंबर होण्याआधी एवढंच विचारा की शेवटची केस कधी मांडली होती. अधिवेशन, शाल-नारळ, ग्रुप फोटो एवढंच सांगायला लागले तर उठा तिथून. समुपदेशन काय, शिपाई पण करतो असं आमचे साहेब म्हणायचे. करत असेल, पण शिपायाला मेमो येत नाही.

हां, एक राहिलं, ग्रुपवर पोराचं नाव, गाव, फोटो अजिबात टाकू नका, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, पोराची ओळख उघड करायला बंदी, आम्ही सुरुवातीला हा गाढवपणा केलाय. आणि कंत्राटी असाल तर ऑफिसात संघटना मिरवू नका, रिन्यूअलला बरोबर आठवण ठेवतात. फी किती, कुठली चांगली ते मला विचारू नका, मी २०२२ ला सोडलं.

साहेब मागच्या वर्षी एका लग्नात भेटले, रिटायर झालेत. म्हणाले तुम्ही फार मनाला लावून घ्यायचात. मी म्हटलं साहेब, सांगलीचा टीए राहिलाय अजून.